पाळी जाण्याची वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला मंडळांत आणि बचत गटांच्या बैठकांत मी आरोग्यावर बोलायला जाते. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांवरचे प्रश्न सगळ्यांसमोर विचारले जातात. पाळी जाण्याविषयीचे प्रश्न मात्र कार्यक्रम संपल्यावर, दाराशी चपला घालताना, हळू आवाजात येतात. तेच इथे घेतले आहेत, जमेल तितके त्यांच्याच शब्दांत. मी आरोग्य कार्यकर्ती आहे, डॉक्टर नाही. कोणतं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आपल्या अंगात काय चाललंय हे आपल्याला माहीत असावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

चार महिने पाळी आली नाही. गेली म्हणायची का?

अजून नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही, आणि त्याला गरोदरपण, स्तनपान, औषध किंवा दुसरा आजार असं कारण नसलं, की मग रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. म्हणजे शेवटची पाळी ‘शेवटची’ होती हे वर्ष उलटल्यावरच कळतं. नवव्या महिन्यात पुन्हा आली, तर मोजणी पहिल्यापासून. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅसची तारीख लिहितो तशी पाळीचीही लिहा. आली कधी, संपली कधी, किती गेलं. डॉक्टरांना कुठल्याही महागड्या तपासणीइतकाच त्या कागदाचा उपयोग होतो.

आणि चार महिने चुकली असेल, तर आधी गरोदरपणाची चाचणी करून घ्या. वय सत्तेचाळीस असलं तरी.

कोणत्या वयात जाते?

बहुतेकींची ४५ ते ५५ या वयात. भारतात सरासरी ४६-४७ च्या आसपास, तर युरोप-अमेरिकेत ५१ च्या जवळपास. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला संपते असं लिहिलंय, म्हणजे हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. तुमच्या आईची, मावशीची कधी गेली ते विचारून ठेवा, कारण साधारण त्याच सुमारास तुमचीही जाण्याची शक्यता जास्त. सिगारेट-विडी ओढणाऱ्या बायकांची एक-दोन वर्षं आधी जाते. ‘माझी लवकर आली, म्हणून लवकर जाईल’ असं मात्र थेट गणित नाही.

४५ च्या आत गेली तर ती लवकर गेली असं धरतात. चाळिशीच्या आत थांबली तर ‘आमच्याकडे अशीच जाते’ म्हणून सोडून देऊ नका. त्याची तपासणी हवी आणि बहुतेक वेळा उपचारही हवेत, कारण अंडाशयांतल्या हार्मोनमुळे मिळणारं हाडांचं आणि हृदयाचं संरक्षण खूप आधी निघून गेलेलं असतं.

सुरुवात झाली हे ओळखायचं कसं?

पाळी एका दिवसात बंद पडत नाही. तिच्या आधी काही वर्षांचा उतार असतो, आणि माझ्या अनुभवात बायका सगळ्यात जास्त गोंधळतात त्या याच काळात. कारण पाळी येत असते, त्यामुळे ‘हे ते नसेल’ असं वाटतं.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पन्नाशीकडे येता येता हजाराच्या घरात. साठा आटला की काही महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. ज्या महिन्यात बीज पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला आवर घालणारं हार्मोन, तयार होत नाही. अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र चालू असतं, कधी कमी, कधी एकदम भरमसाट. गर्भपिशवीचं आतलं अस्तर त्यामुळे वाढत राहतं आणि मग एकदम जोरात कोसळतं. म्हणून या काळात पाळी हळूहळू कमी होत जाईलच असं नाही. अनेकींची आधी वाढते.

पहिली खूण तारखांत दिसते. अठ्ठावीस दिवसांची पाळी एकदा एकविसाव्या दिवशी, पुढे छत्तिसाव्या दिवशी, असा सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की उतार लागला असं समजायचं. दोन पाळ्यांत साठ दिवसांहून जास्त अंतर पडू लागलं, की शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांवर आली. तारखा बदलण्याआधीच काहींची झोप बिघडते, स्तन दुखतात, पाळीआधीची चिडचिड दुप्पट होते.

अंगातून वाफा का निघतात? आणि किती दिवस?

मला पहिल्यांदा आली ती जानेवारीत, बँकेच्या रांगेत. छातीतून काहीतरी गरम वर चढलं, मान, कान, चेहरा लाल, आणि दोन मिनिटांत ब्लाऊज ओला. मागून थंडी. माझ्या मनात पहिला विचार हृदयविकाराचा आला.

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. एरवी थोडंफार कमीजास्त झालं तरी ते गप्प राहतं. इस्ट्रोजेन कमी झालं की त्या केंद्राजवळच्या काही चेतापेशी जास्त चेततात आणि त्याची सहनशक्ती अगदी अरुंद होते. अंशभर ऊबही त्याला उकाडा वाटते. मग ते कातडीकडे रक्त सोडतं, घाम काढतं, ठोके वाढवतं. तुम्ही घाबरलात म्हणून हे होत नाही, हे झाल्यामुळे तुम्ही घाबरता.

किती दिवस, याचं उत्तर बायकांना आवडत नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षं केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना वाफांचा त्रास वारंवार होत होता त्यांच्यापैकी निम्म्या जणींना तो सात वर्षांहून जास्त राहिला. ज्यांचा पाळी चालू असतानाच सुरू झाला, त्यांचा त्याहूनही लांबला. म्हणून ‘सहा महिने सोस, जाईल’ हा सल्ला मी देणं बंद केलं. दिवसातून दोनदा हलकी झळ लागत असेल तर सुती कपडे, खिडकीजवळची जागा, रात्री उशाशी ओला पंचा एवढ्याने भागतं. उकळता चहा, खूप तिखट, दारू यांनी कुणाची वाफ वाढते का ते आपलं आपण पाहावं. रात्रीत चार वेळा गाऊन बदलावा लागत असेल, तर त्यावर औषधं आहेत. मागून घ्या.

छातीत दाब येतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, चालताना धाप लागते, तर त्याला वाफ समजून घरी बसू नका. थेट दवाखाना.

अंगावरून फार जातं. या वयात असं होतंच ना?

होतं. पण ‘होतंच’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. तासाला एक पॅड भिजतोय, मोठ्या गाठी पडतायत, सात दिवसांहून जास्त चाललंय, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर डाग दिसतोय, यातलं काहीही असेल तर तपासणी हवी. कारण नुसता हार्मोनचा चढउतार असेल, तसंच गर्भपिशवीतल्या गाठी, मोड (पॉलिप), अस्तराची जास्त वाढ, थायरॉईड, आणि क्वचित कर्करोगही असू शकतो. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि पोटाची सोनोग्राफी ही साधी सुरुवात. पंचेचाळिशीनंतर डॉक्टर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात, त्याला घाबरून नाही म्हणू नका.

आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना आधीच रक्त कमी असतं. त्यात हे. थकवा, धाप, पाय जड होणं या सगळ्याला ‘पाळी जाण्याचं’ नाव मिळतं आणि हिमोग्लोबिन सातवर आलेलं कुणी बघत नाही.

डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. काढू का?

या प्रश्नावर मी जास्त बोलणार आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांत ऐन तिशीतल्या बायका होत्या. कारणं ऐकली तर पोटात कालवतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा झाला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी. पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून थेट ऑपरेशन. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला राज्यांना सांगितलं.

पिशवी काढणं कधीच चूक, असं मी म्हणत नाही. कर्करोग आहे, गाठी फार मोठ्या आहेत, बाकी सगळं करूनही रक्त थांबत नाही, अशा वेळी ते ऑपरेशन जीव वाचवतं आणि आयुष्य सुसह्य करतं. पण त्याच्या आधी पायऱ्या आहेत. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे, ती अनेकींचा रक्तस्राव इतका कमी करते की पुढची काही वर्षं त्यावर निघून जातात आणि पाळी आपोआप जाते. नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारणच नाही. तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, आणि त्यावर साधी औषधं असतात.

ऑपरेशन सुचवलं तर विचारा: नेमकं निदान काय, तुकडा तपासला का, औषधांनी होणार नाही का, आणि अंडाशय ठेवणार की काढणार. शेवटचा प्रश्न विसरू नका. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवण्यात कुणाचा अपमान नाही.

माझी पिशवी आधीच काढली आहे. मग मला हे होणार का?

अंडाशय ठेवले असतील तर पाळी येणार नाही, पण अंडाशयांचं काम चालू असतं आणि ते पुढे थांबतं, सरासरी इतरांपेक्षा काहीसं आधीच. पाळीची खूण नसल्यामुळे वाफा, झोप, कोरडेपणा यांवरूनच ओळखावं लागतं.

अंडाशयही काढले असतील तर उतार वगैरे काही नाही, कड्यावरून पडल्यासारखं एका दिवसात सगळं येतं आणि जास्त तीव्र असतं. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल तर हार्मोन उपचारांविषयी डॉक्टरांशी मुद्दाम बोला. ऑपरेशनचा कागद सापडत नसेल, तर त्या दवाखान्यातून प्रत मागा. आपल्या पोटातून काय काढलं हे अनेक बायकांना सांगितलेलंच नसतं, याचा मला आजही राग येतो.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि परवा डाग दिसला. परत सुरू झाली का?

नाही. एकदा बारा महिने उलटल्यावर दिसलेलं रक्त ही पाळी नव्हे. एक थेंब असो, गुलाबी डाग असो, एकदाच दिसून थांबलेला असो, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, अस्तर पातळ आणि कोरडं झालेलं असतं. पण अशा दर दहा बायकांमागे साधारण एकीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि तो याच खुणेमुळे लवकर सापडतो, लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

माझ्या थोरल्या बहिणीने हा डाग सात महिने लपवला. सुनेसमोर कसं सांगू, या वयात लोक काय म्हणतील. सुदैवाने तिच्या अस्तराची नुसती वाढ होती, औषधांवर निभावलं. त्या सात महिन्यांत ती रोज रात्री जागी असायची, हे तिने मला नंतर सांगितलं.

रक्त तपासून कळतं का पाळी जाणार आहे ते?

पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि लक्षणं ठरावीक असतील, तर हार्मोनच्या तपासणीची गरज सहसा नसते. एफएसएच नावाची तपासणी करतात, पण उताराच्या काळात तो आकडा या महिन्यात जास्त, पुढच्या महिन्यात कमी असा उड्या मारतो. एका रिपोर्टवरून ‘तुमची संपली’ असं सांगता येत नाही. पंचेचाळिशीच्या आतल्या बाईसाठी मात्र तीच तपासणी उपयोगाची. थायरॉईड सगळ्यांनीच बघावा, कारण घाम, धडधड, वजन, थकवा, पाळीची गडबड ही सगळी सोंगं तोही आणतो.

क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं, शब्द आठवत नाहीत. मला वेड लागतंय का?

नाही. दोन-तीन वाजता घामाने जाग येते, मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. असे महिने गेले तर कुणाचाही तोल जाईल. शिवाय इस्ट्रोजेनचा चढउतार मेंदूवरही परिणाम करतो. फ्रीज उघडून ‘काय घ्यायला आले होते’ असं होणं, ओळखीचं नाव जिभेवर अडणं हे या वर्षांत फार जणींना होतं आणि पुढे बहुतेकींचं निवळतं. हा स्मृतिभ्रंश नव्हे.

यात घरचा भारही असतो. मुलाची बारावी, सासूबाईंचं आजारपण, मुलीचं लग्न, हे सगळं याच वर्षांत येतं. म्हणून नुसतं ‘हार्मोनचं आहे’ म्हणून कुणी हात झटकले तर मान्य करू नका. पूर्वी बाळंतपणानंतर किंवा पाळीआधी जिला उदासी आली असेल, तिने जास्त सावध राहावं. दोन आठवडे मन उठतच नाही, कशात रस नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं.

जवळ यायला नको वाटतं, आग होते. हे कुणाला सांगायचं?

स्त्रीरोगतज्ज्ञांना, आणि मान खाली न घालता. वाफा काही वर्षांनी थांबतात, पण योनीमार्गाचा कोरडेपणा उपचाराशिवाय सहसा वाढतच जातो. संबंधाच्या वेळी दुखणं, खाज, वारंवार लघवीला होणं, पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग, शिंकताना थेंब जाणं, हे सगळं एकाच कारणाचं असू शकतं. पाण्यात मिसळणारं वंगण संबंधाच्या वेळी, ओलावा टिकवणारं जेल नेहमीसाठी, आणि डॉक्टर देतात ते इस्ट्रोजेनचं क्रीम. क्रीमचा डोस इतका कमी असतो की ते रक्तात फारसं जात नाही. डेटॉल किंवा सुगंधी साबणाने आतून धुऊ नका, आग वाढते.

थेंब जातात म्हणून पाणी कमी पिणाऱ्या, लग्नाला जाणं टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम तीन महिने नेमाने केला तर पुष्कळ फरक पडतो. तो शिकवून घ्या.

अजून गर्भ राहू शकतो?

हो. पन्नाशीनंतर पाळी गेली असेल तर पुढे एक वर्ष, पन्नाशीच्या आत गेली असेल तर दोन वर्षं काळजी घ्यायची.

हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो ना?

ही भीती आली ती मुख्यतः २००२ साली. अमेरिकेतला एक फार मोठा अभ्यास तेव्हा अर्ध्यात थांबवला गेला आणि जगभर बातम्या झाल्या. त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहाएक वर्षं झालेली, हे बातम्यांत मागे पडलं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असे दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत दरवर्षी दहा हजारांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण आठ घटना जास्त दिसल्या. पिशवी काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत तशी वाढ दिसली नाही.

आज डॉक्टरांचं मत साधारण असं: साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केले, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायकांत फायदा जास्त, धोका कमी. वाफांवर याहून गुणकारी औषध नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढतं. कातडीवर लावायच्या जेल किंवा पट्टीत रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग झालेला, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, यकृताचा आजार चालू असलेला, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी बिगर-हार्मोन गोळ्या आहेत. शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका, एवढं ऐका.

शतावरी, सोयाबीन, अश्वगंधा?

सोयाबीन आहारात खुशाल खा, काहींना थोडा आराम पडतो, काहींना नाही. काढे आणि चूर्णं घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ‘झाडपाल्याचं आहे’ म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

हाडांसाठी काय करू?

शेवटच्या पाळीच्या आसपास आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, आणि दुखत नाहीत म्हणून कळत नाही. पहिली खबर मनगट मोडल्यावर किंवा पाठीत बाक आल्यावर. रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास. तिळात भरपूर, तेव्हा तिळाची चटणी संक्रांतीपुरती नको. नाचणीची भाकरी, ताक, हरभरा, पालेभाजी, एवढ्यावर बरंच भागतं. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक. आणि चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं. घरकाम दिवसभर असतं खरं, पण ओट्याशी उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे.

पाळी गेल्यावर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही वाढतो, ते वर्षातून एकदा बघा. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतरच्या बायकांची गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. पाळी गेली म्हणून ती थांबवायची नसते.

‘आई हल्ली फार चिडते. आम्ही काय करू?’

हा प्रश्न एका मुलीने विचारला, अकरावीतल्या. मला फार बरं वाटलं. तिला सांगितलं ते असं: रात्री पंखा वाढवायचा असेल तर वाद घालू नका, तुम्ही पांघरूण घ्या. सकाळचे डबे आठवड्यातून तीन दिवस तुम्ही आणि बाबांनी करा, म्हणजे तिला पहाटे लागलेली झोप पूर्ण करता येईल. ‘तुझं वय झालं’ हे चेष्टेतही म्हणू नका. आणि ती सोनोग्राफीला एकटी जाऊन येते म्हणाली, तरी सोबत जा. बाबांना आत जायला संकोच वाटत असेल तर बाहेरच्या बाकावर बसू दे, पण जाऊ दे.